माय जेवली का, हे न विचारण्याचे फायदे

देशाच्या कोठारात धान्य किती शिल्लक असावं याचा सरकारी नियम आहे. 1 जुलैला गहू-तांदूळ मिळून 411.2 लाख टन, 1 ऑक्टोबरला 307.7 लाख टन. या साठ्याला गोदाम लागतं, गोदामाला टेंडर, धान्याला बारदान, उंदरांना औषध, आणि उंदीर मेले का ते बघायला इन्स्पेक्टर. एवढं करून पावसाळ्यात चार पोती भिजतातच आणि पेपरात फोटो येतो. आमच्या चलथाणात लायनीतल्या दर खोलीत जो राखीव साठा आहे, त्याला यातलं काहीच लागत नाही. तो पहाटे साडेचारला उठतो, शेगडी पेटवतो, डबे भरतो, आणि महिना आखडला की एका माणसाचं जेवण आपणहून बाकीच्यांसाठी मोकळं करतो. वरून आदेश यावा लागत नाही. या साठ्याला घरातली पोरं माय म्हणतात.

जन्मभर हिशेब लिहिलेल्या माणसाला या व्यवस्थेचं कौतुक वाटणारच. आम्ही कडोदरा-चलथाण पट्ट्यात प्रोसेस हाऊसमध्ये मेहताजी होतो. रंगाचा पिंप सांडला, ताका डागला, बॉयलर बसला, तरी मिलमधल्या प्रत्येक तुटीला नाव असतं, खातं असतं, आणि ती कुणाच्या तरी नावे टाकावीच लागते. मग तो माणूस भांडतो, युनियनचा कुणीतरी येतो, कागद वाढतात. घरातली तूट मात्र गुपचूप मायच्या नावे पडते आणि तिथून पुढे कुठेही जात नाही. हरकत नाही, दाद नाही, व्याज नाही. इतकी स्वच्छ वही आम्हाला मिलमध्ये एकदाही ठेवता आली नाही.

चलथाण म्हणजे सुरतेच्या पूर्वेला, पलसाणा तालुक्यात, मुंबई-अहमदाबाद हायवेला लागून. उधना-भुसावळ लाईनवर स्टेशन आहे, गावात सहकारी साखर कारखाना आहे, आणि आजूबाजूला डाइंग-प्रिंटिंगच्या मिला आहेत. गाळप चालू असलं की मळीचा वास, बंद असलं की रंगाच्या वाफेचा. धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं याच लाईनने येऊन उतरली, त्यात आम्हीही. राहायच्या जागेलाही लाईनच म्हणतात, ती पत्र्याच्या खोल्यांची रांग. एका खोलीत एक बिऱ्हाड, कोपऱ्यात मोरी, मोरीला लागून शेगडी. पुरुष मिलमध्ये बारा तासांच्या पाळीत. बायका घरी बसून साडीवर टिकल्या चिकटवतात, धागे कापतात. घरी बसून म्हणण्याचा फायदा असा, की विचारणाऱ्याला काही करत नाही असंच सांगता येतं.

पगार दहा तारखेच्या आसपास होतो. त्यातून किराणावाल्याची मागची बाकी, खोलीचं भाडं, गावी सासूला पाठवायचे, भिशीचा हप्ता, आणि किलोच्या भावाने भरून घेतलेला छोटा सिलिंडर. पंधरा तारखेपर्यंत वरणात डाळ दिसते. वीसनंतर तिची नुसती आठवण उरते. पंचवीसला नवरा सेठकडून उपाड घेतो, म्हणजे पुढच्या दहा तारखेला पगार आधीच कापलेला येतो. मग पुढच्या महिन्याची वीस तारीख पंधरालाच उजाडते. आमच्या पंचांगात दुष्काळात तेरावा महिना दर दोन-तीन महिन्यांनी येतो.

वीस तारखेनंतरचं वाढप मात्र शिकण्यासारखं. समजा सहा भाकरी झाल्या. नवरा रात्रपाळीला जायचा, त्याला तीन. थोरल्याला दीड, मुलीला एक, धाकट्याला अर्धी. बेरीज सहा, बाकी शून्य. मिलमध्ये असा मेळ एका दमात लागला की आम्ही चहा मागवत असू. इथे तर खोलीत माणसं पाच असून मेळ चौघांतच लागला आहे. पाचवीच्या हातात उलथनं आहे. ती तव्याची खरपुडी खरवडते, पोरांच्या ताटाच्या कडा बोटाने पुसून घेते, वर तांब्याभर पाणी पिते. धाकटा विचारतो, मा, तू? ती म्हणते, "माले भूक नही शे." अहिराणीतल्या या चार शब्दांवर आमचा फार जीव आहे. अन्न महामंडळाला हे साधायला किती परिपत्रकं काढावी लागली असती!

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती करणारा गृहस्थ बहुधा कुठल्या तरी बऱ्या खात्यापित्या घरात पंगतीला पहिल्या रांगेत बसलेला असावा.

घरखर्चाच्या वहीत एक रकाना आम्हाला कधीच भरता आला नाही. गुजरातेत 1960 पासून दारूबंदी आहे. तेव्हा इथे दारू मिळत नाही, सबब कुणी ती पीत नाही, सबब तिच्यावर पैसे जात नाहीत. पोटली नावाची वस्तू लायनीच्या मागे गटारात तरंगताना दिसते, ती वाऱ्याने दमणहून आली असावी. नवऱ्याच्या पगारातून जे कमी येतं त्याचं कारण बाईने विचारायचं नसतं. जी गोष्ट राज्यातच नाही ती घरात कुठून असेल? त्यामुळे तो आकडाही बाईच्याच खात्यावर, हात सैल आहे या सदराखाली, आपसूक जमा होतो.

आता उपास. धर्माची ही दूरदृष्टी अर्थशास्त्र्यांना अजून पुरती कळलेली नाही. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार संतोषीमातेचा, शनिवार मारुतीचा, त्यात दोन एकादश्या, दोन चतुर्थ्या, श्रावण सगळाच. नीट आखणी केली तर महिन्यातले निम्मे दिवस बाई देवाच्या नावाने काढू शकते आणि चेहऱ्यावर तेज येतं ते वेगळंच. बऱ्या घरात एकादशी आणि दुप्पट खाशी होते, कारण तिथे साबुदाणा असतो, शेंगदाणे असतात, वऱ्याचे तांदूळ, राजगिऱ्याचे लाडू. लायनीत साबुदाणा ज्वारीपेक्षा महाग पडतो. म्हणून इथले उपास निव्वळ पाण्यावरचे, कडक. आमच्या शेजारच्या एका वहिनींचे उपास महिन्याच्या अखेरीस वाढतात आणि दहा तारखेला एकदम सुटतात. पंचांगात याचा आधार आम्ही शोधला, सापडला नाही. पण श्रद्धेपुढे पंचांगाचं काय घेऊन बसलात!

त्यातही पिठोरी अमावस्या ही या विचाराची परिसीमा. श्रावणातली अमावस्या. दिवसभर आईचा उपास. संध्याकाळी पूजा झाली की ती नैवेद्याचं वाण डोक्यावर धरते आणि मागे न बघता विचारते, अतित कोण? मागे उभं असलेलं पोर म्हणतं, मी. वाण तिच्या डोक्यावरून मागच्या मागे पोराच्या हातात जातं. महाराष्ट्रात यालाच मातृदिन म्हणतात. मातेचा सन्मान करायचा तर तिला त्या दिवशी जेवायला घालू नये, हे मर्म आपल्या पूर्वजांना किती आधी उमगलं होतं. त्याच दिवशी पोळाही असतो, आणि बैलाला पुरणपोळी असते. बैलाला नांगर ओढायचा असतो. आमच्या घराण्यात कानबाईच्या रोटाचं धान्य मोजतानाही घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ काढतात. देवीला बायका दिसत नाहीत असं नव्हे. त्या दळायला बसलेल्या असतात.

उपास नसेल त्या दिवशी चहा. साखरेच्या गावात चहा फिका राहू नये हे बरोबरच आहे. सकाळी एक, साड्यांचा गठ्ठा सोडताना एक, दुपारी जेवणाच्या वेळी एक, आणि संध्याकाळी पोटात कालवलं की आणखी एक. कपभर चहात बाईचं दुपारचं निभतं. अंगणवाडीतली ताई लोहाच्या गोळ्या देऊन जाते, त्या चहाबरोबर घेतल्या जातात. चहाने लोह अंगाला लागत नाही असं डॉक्टर म्हणतात. पण अंगाला काही लागू न देता कामाला लागणं हेच तर या व्यवस्थेचं बलस्थान. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातेत 15 ते 49 वयाच्या 65 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, महाराष्ट्रात 54 टक्क्यांच्या. सुरतेला येऊन आमच्या बायकांनी इथल्या सरासरीशी जुळवून घेतलं असेल, तर एकात्मतेचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

साखरेचा विषय निघालाच आहे तर ऊसतोडीचंही कौतुक करून टाकू. दिवाळीनंतर डांगातून, नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यातून टोळ्या दक्षिण गुजरातेतल्या कारखान्यांच्या शिवारात उतरतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात. इथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन ट्रकपाशी नेते. त्याआधी अंधारात उठून तिने भाकरी थापलेल्या असतात, पण ते कोयत्याच्या कामात धरत नाहीत. गावाकडे पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की मुकादम उचल देतो, तिला खावटी म्हणतात, आणि हंगामात ती बऱ्याच ठिकाणी दीडपटीने वळती होते. म्हणजे आषाढात खाल्लेली भाकरी चैत्रापर्यंत तोडून फेडायची. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकात बारडोलीकडे हे सगळं बघून लिहून ठेवलं. व्यवस्था इतकी भक्कम, की त्यांचं लिहिणं अजून जुनं झालेलं नाही. 2023 मध्ये तोडीचा किमान दर टनाला 238 वरून 476 रुपयांवर गेला, म्हणजे दुप्पट झाला. हात पूर्वीही चार होते, आताही चारच, आणि पैसे घेणारे दोन. उसाच्या फडात बसून साखरेविना कोरा चहा पिणारी बाई आम्ही पाहिली आहे. आमच्या डोळ्यांना ते दृश्य अजिबात विसंगत वाटलं नाही. मिलमध्ये साड्या छापणारे कुठे साड्या नेसतात?

सरकारने हात आखडता घेतला असं कुणी म्हणू नये. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या तेराव्या कलमाने रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई लिहिली. कुटुंबप्रमुखाने शेवटी जेवावं ही मर्यादा कायद्याने घातलेली नाही, ती प्रमुखांनी स्वतःहून पाळली. माणशी महिना पाच किलो धान्य, ते 2023 पासून फुकट. पाच किलोला तीस दिवसांनी भागलं की रोजचं 166 ग्रॅम येतं; आम्ही तागडीत घालून बघितलं, दिसायला नीटनेटकं असतं. कुणाला मिळणार हे 2011 च्या जनगणनेवर ठरलं. त्यानंतर जन्मलेल्या पोरांनी घाई केली, त्याला सरकार काय करणार?

आमच्यासारख्या स्थलांतरितांची तर खास बडदास्त. एक देश एक रेशनकार्डाचा पहिला प्रयोग 9 ऑगस्ट 2019 ला ज्या दोन जोड्यांत सुरू झाला, त्यातली एक गुजरात आणि महाराष्ट्र. शिंदखेड्याच्या कार्डावर चलथाणात धान्य! फक्त ते कार्ड गावी सासूपाशी असतं, आधारशी जोडलेलं नाव एकाचं आणि अंगठा दुसऱ्याचा असतो, आणि साड्यांच्या डिंकाने व भांड्यांच्या राखेने बाईच्या बोटाचे ठसे इतके गुळगुळीत झालेले असतात की मशीन तिला ओळखत नाही. दुकानदार म्हणतो, बेन, उद्या या. उद्या साड्यांचा गठ्ठा परत द्यायचा असतो. यंत्राने ओळख नाकारली तरी बाई खचत नाही. तिला सवय आहे.

बाळंतिणीसाठी याच कायद्यात किमान 6000 रुपये लिहिले होते. 2017 मध्ये योजना आली तेव्हा ते 5000 झाले, तेही पहिल्या मुलापुरते, तेही हप्त्यांनी. उरलेले जननी सुरक्षेतून सरासरीने मिळतात, असा खुलासा झाला. सरासरीने पोट भरणं ही कला आहे आणि ती आमच्या बायकांना अवगत आहे. गुजरात सरकारने 2022 च्या जूनमध्ये मुख्यमंत्री मातृशक्ती योजना काढली: गरोदर बाईला आणि तान्हं असलेल्या आईला महिन्याला दोन किलो चणे, एक किलो तूरडाळ, एक लिटर तेल, मूल दोन वर्षांचं होईपर्यंत, म्हणजे एकूण हजार दिवस. यात आम्हाला खोट काढता येत नाही, आणि आम्ही खोट काढणारे म्हणून मिलमध्ये बदनाम होतो. चणे चांगले असतात. शिजतातही लवकर. शिजले की पातेलं मधोमध ठेवलं जातं आणि मग मघाशी सांगितलेलं वाढप सुरू होतं. पुडक्यावर कुणाचं नाव होतं ते पातेल्यावर लिहिलेलं नसतं. हजार दिवस पुरे झाले की बाई माता राहत नाही, नुसती आई उरते, आणि आईसाठी वेगळी तरतूद लागत नाही हे वर सिद्ध झालंच आहे.

एवढी चोख व्यवस्था असताना काही लोकांना भूक मोजायची हौस असते. जागतिक अन्न आणि शेती संघटनेची आठ प्रश्नांची एक यादी आहे. शेवटचा प्रश्न, पैशाअभावी अख्खा दिवस उपाशी काढला का? आणि पहिला प्रश्न, पुरेसं खायला मिळणार नाही याची काळजी वाटली का? आठांत सगळ्यात सौम्य पायरी काळजीची. हे आम्हाला पटलं. काळजीला कुठे किलो-ग्रॅम असतात? रात्री दोन वाजता डोळे उघडे ठेवून पिठाचा डबा मनातल्या मनात हलवून बघायचा, किराणावाल्याला काय सांगायचं ते पाठ करायचं, थोरल्याची फी आणि गॅस यांतलं कुठलं पुढे ढकलायचं ते ठरवायचं, हे सगळं सौम्य सदरात. सकाळी भाकरी झालीच, तर काळजी वायाच गेली म्हणायची.

आपल्या सरकारने या असल्या मोजणीला वेळीच आवर घातला. 2021 च्या जागतिक भूक निर्देशांकात 116 देशांत भारताचा नंबर 101 वा लागला, तेव्हा महिला आणि बालविकास मंत्रालयाने सांगितलं, की फोनवर चार प्रश्न विचारून घेतलेल्या लोकांच्या मतावर हे आकडे बेतलेले आहेत. 2023 मध्ये नंबर 125 देशांत 111 वा आला. त्यावर त्याच खात्याच्या मंत्रिमहोदया हैदराबादला म्हणाल्या, की आपण पहाटेपासून प्रवासात आहोत, आपल्याला कुणी फोन करून भूक लागली का विचारलं तर आपणही हो म्हणू. किती मोकळेपणा! आणि हाच फरक आहे. चलथाणच्या लायनीत फोन केला असता तर सगळ्याजणी नाही म्हणाल्या असत्या आणि देशाचा नंबर एकदम वर गेला असता. मंत्रालयाने पाहणीवाल्यांना आमच्याकडे पाठवायला हवं होतं. अर्थात फोन नवऱ्याच्या खिशात असतो आणि तो पाळीवर असतो.

आता मनाचं. आमच्या पिढीत बाईला मन असतं हे कवींपुरतं होतं. हल्ली डॉक्टरांनी त्यातही शिरकाव केला आहे. नैराश्य ओळखायची नऊ प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात. झोप लागत नाही का? थकवा येतो का? भूक मंदावली आहे का? आमच्या बायका या परीक्षेत पहिल्या वर्गात येतील, पण पेपर कशाचा चालला आहे हे परीक्षकाला कळायचं नाही. थकवा म्हणावा तर रक्त कमी. झोप नाही म्हणावं तर दिवसपाळीचं पोर रडतं आणि रातपाळीचा नवरा पहाटे दार वाजवतो. भूक मंदावली म्हणावं, तर ती मंदावली की मंदावण्यात आली, याचा रकाना यादीत नाही. सहावा प्रश्न तर अगदी घरचा वाटतो: आपण नापास ठरलो, घरच्यांना कमी पडलो असं वाटतं का? जगातल्या इतर बायकांना यासाठी डॉक्टरकडे जावं लागतं. आमच्याकडे हा प्रश्न दोन्ही वेळच्या जेवणात ताटावर बसलेला कुणीही विचारतो, आणि पैसे घेत नाही.

लायनीत यादीचे शब्द चालत नाहीत. इथे जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, डोक्यात मुंग्या येतात, हातपाय गळतात, काही सुधरत नाही. पहिला इलाज शेजारणीचा: टेन्शन घेऊ नको. तो फुकट असल्याने सर्वांत लोकप्रिय. दुसरा भगताचा, कारण बाहेरचं लागलेलं असू शकतं. तिसरा नाक्यावरच्या दवाखान्याचा. तिथे ताकदीची बाटली चढवतात. बाई दोन तास पंख्याखाली आडवी पडते, कुणी हाक मारत नाही, पोरं बाहेर थांबतात. निम्मा गुण तिथेच येतो. उठताना डॉक्टर म्हणतात, खात-पीत राहा. त्या बाटलीच्या पैशात आठवड्याचं दूध झालं असतं. पण दूध चौघांत वाटलं गेलं असतं. बाटली थेट शिरेत जाते, मध्ये पातेलं लागत नाही. बाईच्या एकटीच्या वाट्याला आलेला वर्षातला तो बहुधा एकमेव घास.

गोव्यात म्हापशाच्या दवाखान्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांपासून सुरुवात करून बाळंतपणानंतर त्यांची विचारपूस केली, ती 2002 मध्ये छापून आली. जवळजवळ 23 टक्के बाळंतिणी नैराश्याने आजारी निघाल्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच खचलेलं होतं. कारणं काय, तर गरिबी, नवऱ्याशी धड नसणं, आणि मुलगी होणं हे वर ओझं. एवढं शोधायला इतकं शिकावं लागतं? आमच्या लायनीतल्या कुठल्याही म्हातारीने बसल्या जागी सांगितलं असतं. तिला विचारलं नाही कुणी, आणि विचारलं असतं तर तिने पुढे म्हटलं असतं, आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं. तिच्या वेळचं तिला काय काय आठवतं ते मात्र ती सांगत नाही.

त्याच गोव्यात संगाथ नावाच्या संस्थेने आणखी पुढची मजल मारली. डॉक्टर नसलेल्या साध्या बायकांना शिकवून त्यांनी दुसऱ्या आयांशी बोलायला पाठवलं, आणि बोलून गुण येतो असं निघालं. हा प्रयोग चलथाणात येऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. बाई एकदा बोलायला लागली की आधी जीव घाबरा होतो म्हणेल, मग केव्हा होतो ते सांगेल, मग वीस तारखेनंतर होतो हे तिच्याच ध्यानात येईल. तारखेपाशी पोचलेली बाई पगारापाशी पोचायला वेळ लागत नाही, आणि पगाराच्या वह्या आम्ही लिहिलेल्या आहेत. त्यापेक्षा 14416 हा सरकारी मदतीचा नंबर 2022 पासून चालू आहे, तो भिंतीवर लावावा. फोन कुणाच्या खिशात असतो ते वर आलंच आहे.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीप्रमाणे, नैराश्य-चिंतेसारखे नेहमीचे आजार असलेल्या शंभरांतल्या पंच्याऐंशी जणांना उपचारच मिळत नाहीत. काही लोक याला दरी वगैरे म्हणतात. आम्ही बचत म्हणतो.

एवढं खरं, की साठा जुना झाला की कधीकधी फसफसतो. गेल्या महिनाअखेरीस समोरच्या खोलीत धाकट्याच्या हातून वरणाची वाटी कलंडली. फार नाही, अर्धी वाटी. माय उठली आणि तिने त्याला मारलं. एक थप्पड समजण्यासारखी होती, ती थांबलीच नाही. थोरल्याने हात धरला तेव्हा थांबली. मग खाली बसून तिने फरशीवरचं वरण तळहाताने ओढून वाटीत घेतलं, वरचं वरचं निवळ तेवढं, आणि शेगडीवर पुन्हा गरम केलं. आमच्या मंडळी गेल्या होत्या तिकडे, त्यांनी विचारलं, काय गं, एवढं काय झालं? ती म्हणाली, मला ठाऊक नाही वहिनी, मी नव्हतेच. लायनीत निकाल लागला की बाई तापट आहे. स्वभावाला औषध नाही, आणि औषध नाही म्हणजे खर्च नाही. मिलमध्ये मशीन असं तापलं असतं तर फिटर बोलवावा लागला असता, आणि सगळ्या मशिनींना वर्षाअखेरीस घसारा लावायचा असतो तो वेगळाच. मायला घसारा लावायची पद्धत नाही. ती वहीत कायम कोऱ्या किमतीला चालते, आणि ती किंमतही कुणी मांडलेली नाही.

आता काळजी फक्त वारसाची होती. आजच्या मुली शिकतात, टीव्ही बघतात, मोबाइल मागतात. त्या हा कारभार पुढे चालवतील का? आमची शंका निराधार निघाली. त्याच खोलीतली अकरा वर्षांची मुलगी, चुणचुणीत आहे, गणितात वर्गात पहिली. परवा रात्री वाढायला घेतलं तर म्हणाली, मला नको, मी शाळेत जेवले. शाळेत दुपारचं जेवण मिळतं, खोटं काही नाही. तिची भाकरी मोडून निम्मी धाकट्याला गेली, निम्मी बापाच्या डब्यात. मायने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं काही नाही. वार रविवार होता.